रद्द न झालेला, तरीही न उरलेला निकाल: एका शिक्षिकेच्या उपदानाचा शोध

एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेतून ३० एप्रिल २०२४ रोजी निवृत्त झालेल्या शिक्षिका जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सल्ला केंद्रात आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत कागदांचे तीन गठ्ठे होते. पहिल्यात नेमणुकीचे पत्र आणि पगारपत्रके होती, दुसऱ्यात संस्थेचे दीड पानी पत्र होते, आणि तिसऱ्यात भाच्याने इंटरनेटवरून छापून दिलेली साठेक पाने होती. त्यांचे नाव, गाव व शाळा येथे वगळली आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत इतपत गोल केले आहेत. बाकी प्रकरण जसे घडले तसे मांडले आहे.

संस्थेच्या पत्राचा आशय थोडक्यात असा होता, की ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या एकरकमी उपदानाच्या, १९७२ च्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत, सबब आपला अर्ज मान्य करता येत नाही. आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दिले होते: अहमदाबाद प्रायव्हेट प्रायमरी टीचर्स असोसिएशनच्या प्रकरणातील १३ जानेवारी २००४ चा आणि बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणातील ७ जानेवारी २०१९ चा. बाईंचे म्हणणे साधे होते. ‘बावीस वर्षे आठ महिने शिकवलं. सुप्रीम कोर्टानंच नाही म्हटलं असेल तर मी गप्प बसते, पण खरंच म्हटलंय का, एवढं मला सांगा.’

कामगार कायद्याच्या प्रश्नांत खोटे किंवा अर्धवट संदर्भ आमच्याकडे रोज येतात, म्हणून पहिला संशय संदर्भांवरच गेला. तो चुकीचा निघाला. दोन्ही निकाल खरे होते, तारखा बरोबर होत्या, पत्रात उद्धृत केलेली वाक्ये निकालपत्रात जशीच्या तशी होती. हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे वाटले ते याच कारणाने. संस्थेला सल्ला देणाऱ्याने इंटरनेटवर शोध घेतला होता, आणि त्याला जे सापडले ते सगळे अस्सल होते.

मात्र निकालांकडे वळण्यापूर्वी एक पायरी घ्यावीच लागते, आणि बहुतेक जण ती गाळतात: आपल्या माणसाला नेमका कोणता कायदा लागू आहे? भाच्याच्या साठ पानांपैकी निम्मी पाने महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरची होती. कागद अधिकृत, प्रत्येकावर संकेतांक, खाली डिजिटल स्वाक्षरी. परंतु ते सगळे निर्णय शासकीय आणि अनुदानित शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवानिवृत्ती उपदानाबद्दलचे होते, ज्याचे मूळ निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांत आहे. बाईंच्या शाळेला अनुदान नव्हते आणि त्यांना शासकीय निवृत्तिवेतनही नव्हते. त्यांचा हक्क, असलाच तर, १९७२ च्या केंद्रीय अधिनियमातून येणार होता. त्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने ३ एप्रिल १९९७ रोजी अधिसूचना काढून दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या शैक्षणिक संस्थांना तो लागू केला, हा या साखळीतला पहिला दुवा. ती तीस पाने बाजूला ठेवली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर, हे फुकट छापले, असा भाव उमटला. तो रास्तच होता. (जाता जाता शोधशब्दांविषयी: शासकीय मराठीत ‘ग्रॅच्युइटी’ला ‘उपदान’ म्हणतात. मराठी कागद शोधताना दोन्ही शब्द टाकले नाहीत, तर निम्मे साहित्य हाती लागत नाही.)

मग अधिनियम उघडला. यासाठी आम्ही नेहमी भारत सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळापासून सुरुवात करतो, कारण तेथे अधिनियम नंतरच्या दुरुस्त्यांसह एकत्र दिलेला असतो. खासगी संकेतस्थळांवरील प्रती कित्येकदा छापील पुस्तकातून उतरवलेल्या असतात, आणि त्या पुस्तकाची आवृत्ती कोणत्या वर्षीची हे कोठेही लिहिलेले नसते. बाईंच्या गठ्ठ्यात अशीच एक प्रत होती. तिच्यातील कलम २(ई) आणि इंडिया कोडवरील कलम २(ई) आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्या प्रतीत कर्मचारी म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचे, पर्यवेक्षणाचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारी व्यक्ती अशी यादी होती. नव्या प्रतीत ती यादी नाही. तेथे शिकाऊ उमेदवार वगळता वेतनावर कोणत्याही प्रकारचे काम, अंगमेहनतीचे वा अन्य, करणारी व्यक्ती असे शब्द आहेत. बाईंनी दोन्ही कागदांवर बोट फिरवत वाचले आणि विचारले, ‘एकाच कायद्याची दोन कलमं कशी?’

उत्तर तळटीपेत होते. सर्वसामान्य वाचक ज्याकडे ढुंकूनही पाहत नाही, अशा त्या बारीक अक्षरांत लिहिले होते, की हे कलम २००९ च्या अधिनियम क्रमांक ४७ अन्वये बदलले असून तो बदल ३ एप्रिल १९९७ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने, अमलात आहे. माझ्या अनुभवात भारतीय कायद्याच्या ऑनलाइन संशोधनात सर्वांत उपयोगी मजकूर हाच असतो. कलम काय म्हणते ते कोणीही सांगेल; ते कधीपासून तसे म्हणू लागले हे तळटीपच सांगते. पुढे पडताळणीसाठी आम्ही भारताच्या राजपत्राच्या ई-गॅझेट या संकेतस्थळावरून तो दुरुस्ती अधिनियम मूळ रूपात उतरवून घेतला. त्याला राष्ट्रपतींची संमती ३१ डिसेंबर २००९ रोजी मिळाली आहे, आणि त्यात ‘१३ए’ हे नवे कलमही आहे. कोणत्याही न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा किंवा आदेश काहीही असला, तरी ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेनुसार देय असलेले उपदान देय राहील, असे ते कलम १९९७ ते २००९ या मधल्या काळापुरते सांगते. अधिनियमात ‘कोणत्याही न्यायालयाच्या निकालात काहीही असले तरी’ असे शब्द दिसले, की संसद एखाद्या विशिष्ट निकालाला उत्तर देत आहे असे खुशाल समजावे.

तो निकाल म्हणजे २००४ चाच. त्यात न्यायालयाने तेव्हाच्या व्याख्येतील विशेषणांची यादी काटेकोरपणे वाचून शिक्षक तिच्यात बसत नाहीत असे ठरवले होते, आणि शिक्षकांच्या स्थितीची दखल घेऊन वेगळा कायदा करण्याचा विचार विधिमंडळाने करावा असेही सुचवले होते. म्हणजे निकालाच्या शेवटच्या भागातच पुढे काय होणार याची चाहूल होती. संस्थेच्या पत्रात निकालाचा मधला भाग होता, शेवट नव्हता.

येथे साधनांची एक मर्यादा नीट समजून घ्यावी लागते. ‘इंडियन कानून’सारख्या विनामूल्य शोधस्थळावर निकालाबरोबर त्याचा उल्लेख करणाऱ्या पुढच्या निकालांची यादी मिळते, आणि सशुल्क डेटाबेसमध्ये एखादा निकाल नंतर उलटवला गेला का, याची खूणही दिलेली असते. एखादा निकाल अजून टिकून आहे का हे पाहताना संशोधक स्वाभाविकच त्या यादीत ‘हा निकाल चुकीचा होता’ असे म्हणणारा पुढचा निकाल शोधतो. २००४ च्या निकालाबाबत असा निकाल सापडणार नाही, कारण त्याला कोणत्याही न्यायालयाने चुकीचे ठरवलेलेच नाही. तेव्हाच्या शब्दांवर तो बरोबर होता; संसदेने ते शब्दच काढून टाकले. ज्या कलमाचा अर्थ लावला ते कलमच उरले नाही, म्हणून निकाल कागदावर शाबूत राहूनही निरुपयोगी झाला. अशा वेळी निकालांच्या जगात कितीही खोल खणले तरी पाणी लागत नाही. अधिनियमाच्या बाजूने यावे लागते. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, की निकाल वाचायला घेण्याआधी तो ज्या कलमावर उभा आहे ते कलम आजच्या तारखेला उघडा आणि दोन्हींचे शब्द जुळतात का ते पाहा. न जुळल्यास निकाल तेवढ्यापुरता बंद करून तळटीप गाठा.

आता खरा पेच पुढे होता. २००४ चा निकाल २००९ मध्ये निष्प्रभ झाला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१९ रोजी, दुरुस्तीनंतर नऊ वर्षांनी, पुन्हा तेच कसे म्हटले? आमच्यातील एका सहकाऱ्याचे मत पडले, की दुरुस्तीचा आपणच चुकीचा अर्थ लावला असावा. ही शंका योग्य होती. सर्वोच्च न्यायालयाचा अलीकडचा निकाल आणि आपले स्वतःचे कलमवाचन यांत विरोध दिसला, तर आधी आपल्या वाचनावर संशय घ्यावा.

जानेवारीचे निकालपत्र पूर्ण वाचले. त्यात २००४ च्या निकालाचा आधार होता, पण २००९ च्या दुरुस्तीचा उल्लेख कोठेच नव्हता. एवढ्यावर निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरले असते. म्हणून शोधाचा मार्ग बदलला. पक्षकारांच्या नावाने किंवा विषयाने शोधणे थांबवून आम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांकाने शोध घेतला: दिवाणी अपील क्रमांक २५३०, वर्ष २०१२. क्रमांकाने शोधल्यावर त्या अपिलात झालेले आदेश व निकाल तारखेच्या क्रमाने समोर येतात, आणि त्या यादीत ७ जानेवारीच्या खाली ७ मार्च २०१९ अशी आणखी एक तारीख होती.

तेच अपील, तेच पक्षकार, आणि दोन महिन्यांनी उलटा निकाल! २००९ ची दुरुस्ती जानेवारीतील सुनावणीच्या वेळी न्यायालयाच्या निदर्शनास आणली गेली नव्हती. ती चूक लक्षात येताच न्यायालयाने स्वतःहून प्रकरण पुन्हा बोर्डावर घेतले, आधीचा निकाल मागे घेतला आणि मार्चमध्ये बिर्ला इन्स्टिट्यूटचे अपील फेटाळले. शिक्षकांना उपदान देय आहे असे ठरले. पण जानेवारीच्या निकालाच्या प्रती आणि त्यावर त्या आठवड्यात लिहिलेले लेख इंटरनेटवरून उठून गेले नाहीत. एखाद्याने ‘शिक्षक ग्रॅच्युइटी सर्वोच्च न्यायालय २०१९’ असे शोधले तर त्याला दोन्हींपैकी कोणता कागद आधी मिळेल हे नशिबावर. संस्थेच्या सल्लागाराला पहिला मिळाला आणि तो तेथेच थांबला. त्याने लबाडी केली असे मला वाटत नाही. जी दुरुस्ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर पहिल्या फेरीत आली नाही, ती तालुक्याच्या गावी बसलेल्या सल्लागाराच्या नजरेतून सुटली यात नवल काय?

यानंतरचे काम सोपे होते. मार्च २०१९ नंतर काय झाले हे पाहताना सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०२२ चा निकाल मिळाला. इंडिपेंडंट स्कूल्स फेडरेशन ऑफ इंडिया विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात खासगी शाळांनी २००९ च्या दुरुस्तीलाच आव्हान दिले होते, आणि न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवून शाळांना सहा आठवड्यांत व्याजासह रक्कम देण्यास सांगितले. न्यायालयापुढे ठेवायच्या प्रती आम्ही जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-एससीआर’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या विनामूल्य सेवेतून आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घेतल्या. शोधायला खासगी स्थळ अधिक सोयीचे असते, यात वाद नाही. मात्र जोडायची प्रत अधिकृत स्थळाचीच असावी, म्हणजे समोरच्या वकिलाला परिच्छेद क्रमांकांवरून हरकत घ्यायला जागा उरत नाही.

तिसऱ्या गठ्ठ्यातील उरलेली पाने दोन प्रकारची होती. काहींत ‘नवीन कायद्यानुसार एका वर्षातच ग्रॅच्युइटी’ अशा मथळ्याचे लेख होते. त्यांचा रोख सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० कडे होता. संहिता संसदेने संमत केली होती आणि राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती, हे खरे. पण तिच्या पहिल्याच कलमात ती केंद्र सरकार अधिसूचित करील त्या तारखेस अमलात येईल असे लिहिले आहे, आणि जून २०२४ पर्यंत उपदानाच्या प्रकरणाबाबत ती तारीख ठरलेली नव्हती. शिवाय एका वर्षाची तरतूद ठरावीक मुदतीच्या नोकरीपुरती आहे, सरसकट नाही. कायदा ‘झाला’ आणि कायदा ‘लागू झाला’ या दोन वाक्यांतील फरक मथळा लिहिणाऱ्यांना जाणवत नाही. एका पानावर संभाषण करणाऱ्या एआय साधनाचे उत्तर छापलेले होते. त्यात एका उच्च न्यायालयाचा निकाल वर्ष व पक्षकारांसह दिला होता. तो आम्हाला कोणत्याही शोधस्थळावर किंवा त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावर आढळला नाही. पान फाडून टाकले.

दुसरा प्रकार होता उपदानाचा हिशेब करून देणाऱ्या गणकयंत्रांचा. बाईंचे शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये होते. एका स्थळाने त्यांना ४,२९,००० रुपये येतील असे सांगितले होते, आणि तो आकडा त्यांच्या मनात पक्का बसला होता. कलम ४(२) खालील स्पष्टीकरण सांगत होते, की मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे. ३९,००० भागिले २६ म्हणजे १,५००. गुणिले १५ म्हणजे २२,५००. सहा महिन्यांहून अधिकचा भाग पूर्ण वर्ष धरायचा, म्हणून २२ वर्षे ८ महिने ही २३ वर्षे झाली. एकूण ५,१७,५०० रुपये. त्या गणकयंत्राने ३० ने भागले होते आणि वरचे आठ महिने सोडून दिले होते. ही रीत हवेतून आलेली नव्हती. ज्यांना १९७२ चा अधिनियम लागूच नाही अशांच्या प्राप्तिकर सवलतीसाठी अर्धा महिना आणि केवळ पूर्ण झालेली वर्षे धरतात. तोच हिशेब त्या स्थळाने सर्वांना दिला होता. फरक ८८,५०० रुपयांचा. बाईंनी तो माझ्याकडून दोनदा करून घेतला आणि तिसऱ्यांदा स्वतः पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिला. गणिताच्याच शिक्षिका होत्या.

व्याजाचा दर मात्र अधिनियमात शोधून सापडत नाही. कलम ७(३ए) विलंबावर सरळ व्याज द्यायला सांगत होते, पण दर सरकारच्या अधिसूचनेवर सोडत होते. तो १ ऑक्टोबर १९८७ च्या अधिसूचनेने दर साल दर शेकडा १० असा ठरला होता. अधिनियम, नियम आणि अधिसूचना या तीन ठिकाणी पसरलेला मजकूर एकाच पानावर मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

जुलैत नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे आपल्या राज्यात कामगार न्यायालयापुढे, अर्ज दाखल केला. त्यासाठीची ९० दिवसांची मुदत नियमांत दिलेली होती, अधिनियमात नव्हती; ती टळण्याच्या बेतात होती. अर्जाला आमच्या बाजूचे कागद चारच जोडले: तळटीपेसह कलम २(ई), २००९ च्या दुरुस्तीचे राजपत्र, मार्च २०१९ चा निकाल आणि ऑगस्ट २०२२ चा निकाल. संस्थेने दिलेला जानेवारीचा निकाल आम्ही मुद्दाम पाचवा कागद म्हणून जोडला आणि त्यावर पेन्सिलीने फक्त अपील क्रमांक अधोरेखित केला. संस्थेच्या वकिलांनी पहिल्या तारखेला जबाबासाठी मुदत घेतली. दुसऱ्या तारखेला त्यांनी मार्चच्या निकालावरचा अपील क्रमांक आपल्या प्रतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि जबाब दाखल न करता तडजोडीची विचारणा केली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बाईंना ५,१७,५०० रुपये आणि १ मे २०२४ पासूनच्या दहा महिन्यांचे ४३,१२५ रुपये व्याज मिळाले.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहितेसह चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि उपदानाचा विषय १९७२ च्या अधिनियमातून सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये गेला. बाईंचा हक्क एप्रिल २०२४ मध्येच निर्माण झालेला असल्यामुळे त्यांच्या प्रकरणाला त्याचा धक्का लागला नसता. आमच्या केंद्रातील नोंदवहीत मात्र बदल करावा लागला. उपदानाच्या प्रकरणाच्या पानावर पहिला रकाना पूर्वी ‘सेवेची वर्षे’ असा होता. आता तेथे ‘नोकरी संपल्याची तारीख’ असे लिहिलेले आहे, आणि ती भरल्याशिवाय कोणी संगणक उघडत नाही.